आटलेली पँट

कापड आटलंय, असं मी अख्ख्या ऑफिसला पटवून दिलं. कापड आटलं नव्हतं.

दुसऱ्या कुणी हा घोळ घातला असता तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण कापडाचं आटणं हा माझा विषय होता. इंदूरच्या एका मिलमध्ये मी फिनिशिंग खात्यात होतो. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून चांगल्या मिलमध्ये ते बाहेर पडण्याआधीच वाफेवर, रबराच्या जाड पट्ट्यावरून फिरवून आटवून ठेवतात. गिऱ्हाइकाच्या घरी मग ते आणखी आटत नाही. माझं काम नमुने तपासायचं. तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईनं चौकोन आखायचा, तुकडा उकळायचा, वाळवायचा, पुन्हा पट्टी लावायची. चौकोन होता तेवढा राहिला तर थान, म्हणजे अख्खा तागा, पुढे घडी खात्यात, नाहीतर परत. खात्यात नवीन माणूस आला की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायचो, बाबा, कापड आधी लांबीत आटतं, कारण उभा धागा मागावर ताणलेला असतो. आडव्याला तेवढा ताण नसतो. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे माझं मलाच ते ऐकू येईनासं झालं.

मग मिल बंद पडली. एकदम नाही. आधी रातपाळी गेली, मग दुपारची, मग वीज कापली गेली आणि शेवटी भोंगा. भोंगा थांबल्यावर आमच्या परदेशीपुऱ्यात कित्येक दिवस सगळ्यांचे चहा चुकीच्या वेळेला होत होते, कारण घड्याळ बघायची सवयच कुणाला नव्हती. मिलमधले लोक पांगले. कुणी ऑटो चालवायला लागला, कुणी देपालपूरकडे मेहुण्याच्या धान्याच्या दुकानात बसायला गेला, आणि बरेच जण नुसते गेटसमोर उभे राहून मिल परत सुरू व्हायची वाट बघत राहिले.

घडी खात्यातला माझा दोस्त यांच्यात वेगळा निघाला. त्याच्या घरी बायकोचं शिलाई मशीन होतं. त्यावर त्यानं आधी पिशव्या शिवल्या, मग लेंगे, मग धीर करून पँट. गल्लीच्या तोंडाशी एक गाळा घेतला आणि तो मास्टर झाला. मीही त्याला मास्टरच म्हणायला लागलो. तो मात्र मला मिलमध्ये म्हणायचा तसाच, इंदुरी थाटात ‘भिया’ म्हणजे भाऊ म्हणत राहिला.

माझं नशीब त्याच्याहून बरं निघालं. देशात नवे वारे वाहत होते, बाहेरच्या कंपन्या येत होत्या, आणि महूच्या पुढे पीथमपूरला एका नव्या कारखान्यात मला स्टोअरमध्ये नोकरी लागली. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथे. मला एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक खुर्ची मिळाली. त्या खुर्चीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मिलमध्ये फिनिशिंग खात्यात खुर्ची नव्हतीच. पाळीभर उभं राहायचं, या टोकाच्या मशिनापासून त्या टोकाच्या मशिनापर्यंत चालायचं, वाफेत घामानं भिजायचं. आणि ही खुर्ची चक्क फिरायची. मागच्या कपाटातली वस्तू घ्यायलाही उठावं लागायचं नाही, नुसतं वळायचं. पहिल्या आठवड्यात मी तिच्यावर इतका वळलो की शेजारच्या टेबलावरचा अकाउंटंट म्हणाला, चक्कर येते हो बघून.

घरून पोहे खाऊन निघायचो. कंपनीची बस नाक्यावर यायची. ती हमखास उशिरा यायची आणि नाक्यावर पोह्यांचा ठेला हमखास वेळेवर असायचा. बसच्या लोकांबरोबर उभं राहून एकट्यानं नाही म्हणणं बरं दिसत नाही. तेव्हा पुन्हा पोहे, वर सेव, जिरावनचा मसाला, आणि शेजारी जलेबी तळत असेल तर तिचाही मान राखायचा. मग बसमध्ये झोप. मग खुर्ची. अकराला चहा-कचोरी. दुपारी कॅन्टीन, पोटभर आणि कंपनीच्या खर्चानं. चारला पुन्हा चहा, त्याच्याबरोबर कुणाच्या तरी घरी काहीतरी शुभ झाल्याचे पेढे. संध्याकाळी बस. आणि घरी बायको वाट बघत असायची, दिवसभर उपाशी असेल बिचारा, अशा समजुतीनं.

तर माझी पँट आटायला लागली.

आधी आटली घरची, राखाडी. मी बायकोला म्हटलं, साबण फार कडक आहे. तिनं साबण बदलला. मग आटली तपकिरी. मी म्हटलं, हल्ली यंत्रमागावरचं कच्चं कापड बाजारात येतं, मिल गेल्या आणि कापडाची रयाच गेली. बायकोनं मागची शिवण उसवून आत राखलेलं कापड सोडलं आणि पुन्हा टाके घातले. ती फारसं बोलणारी नाही. फक्त एकदा दोरीवरून कपडे काढताना म्हणाली, “गंमत आहे. दोरीवर असते तोवर चांगली ऐसपैस दिसते. तुम्ही घातली की आटते.”

ही मला तेव्हा कापडाबद्दलची तक्रार वाटली.

आता यात माझा अगदीच दोष नव्हता असं मी म्हणेन. एक तर आमच्या घराण्यात पोट हा प्रकार झालेलाच नव्हता. आजोबा महूच्या छावणीत पलटणीत, वडील पलटणीत. दोघांचे फोटो बघितले तर पट्ट्याच्या आत माणूस आहे की नुसता गणवेश टांगलाय, असा प्रश्न पडावा. आमच्या रक्तातच ते नाही, अशी माझी खात्री होती. आणि दुसरं, आजूबाजूचा एक माणूस ‘जाड झालास’ म्हणायला तयार नव्हता. आपल्याकडे तसं म्हणतच नाहीत. सासूबाई आल्या, मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, तब्येत सुधारली हो जावईबापूंची. गल्लीतले लोक म्हणायचे, अंगानं भरला, नोकरी मानवली. मिल बंद पडल्यावर आमच्या गल्लीत जो तो वाळत चालला होता. त्यांच्यामधून मी पुढे पुढे जाणारं पोट घेऊन निघालो की म्हाताऱ्यांना बरं वाटायचं, निदान एकाचं तरी निभावलं. मास्टर तर चिपाड झाला होता. दोघं बरोबर चाललो की मीच त्याचं खाऊन टाकतो असं वाटावं. ते मला जाणवायचं, नाही असं नाही. पण तब्येत सुधारली म्हटल्यावर सुधारलेल्या माणसानं आणखी काय सुधारायचं?

कारखान्यात सगळ्यांना गणवेश द्यायचं ठरलं, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट. पर्सोनेलचे साहेब शिवणारा शोधत होते. साहेब आपल्याच मराठी घरातले, संस्थानच्या जमान्यातल्या कारकुनांचे वंशज, अतिशय सभ्य आणि अतिशय गोल. मी त्यांना मास्टरचं नाव सुचवलं. मास्टर येऊन सगळ्यांची मापं घेऊन गेला. कामाचा तो ढीग बघून त्यानं आणखी मशिनं घेतली आणि गेटसमोर उभे राहणाऱ्यांपैकी दोघांना, आमच्याच मिलमधल्या, हाताशी घेतलं. गणवेश झकास बसले. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

वर्ष उलटलं तसे हे गणवेश आटू लागले.

पहिला मी. मग अकाउंटंट. मग खरेदी खात्यातले दोघं. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी नवा कॅन्टीनमध्ये हळूच विचारायचा, का हो, तुमची पँट कमरेत जरा... तो वाक्य पुरं करायच्या आत मी तिथे हजर. मी त्यांना सूत, ताण, वाफ, रबराचा पट्टा, सगळं समजावून सांगितलं. आमच्या मिलचं कापड असतं तर ही वेळ आली नसती, असंही सांगितलं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी शांती पसरायची ती मी अजून विसरलो नाही. माणसं घाबरलेली येत आणि हलकी होऊन जात. हलकी म्हणजे मनानं. अकाउंटंट तर घरून आपल्या लग्नातला कोट घेऊन आला, हाही आटलाय का बघा म्हणून. मी कोट हातात घेऊन, अस्तर चाचपून, आटलाय असा निर्वाळा दिला. लोकरीला तर हवासुद्धा पुरते, मी म्हणालो.

एक अडचण होती. आत मशिनांवर उभं राहून काम करणारे लोक होते, त्यांचे गणवेशही मास्टरनेच शिवलेले, त्याच थानांतले. त्यांच्यातल्या एकाचाही आटला नव्हता. एकानं मला हे विचारलंच. मी क्षणभर विचार करून म्हणालो, त्यांना घाम येतो, घामानं धागा सैल राहतो. हे उत्तर मला कुठून सुचलं, देव जाणे. पण फिनिशिंग खात्यातला माणूस बोलतोय म्हटल्यावर सगळ्यांनी मान डोलावली.

मग स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदन झालं. साहेबांनी दोरी ओढली, फुलं पडली, आणि सलामीसाठी साहेबांनी छाती पुढे काढली तेव्हा त्यांच्या पँटचं बटण उडून पहिल्या रांगेपर्यंत गेलं. कुणी हसलं नाही. राष्ट्रगीत संपल्यावर साहेब पट्टा धरून तडक माझ्याकडे आले.

“तुम्ही म्हणत होता ते खरं आहे तर,” ते म्हणाले.

मी आनंदानं हो म्हटलं. हे असं का होतं, त्यांनी विचारलं. आणि माझी जीभ सुटली. मी म्हणालो, साहेब, कापड कच्चं असलं तरी कापण्याआधी ते पाण्यातून काढून वाळवलं तर पुढे आटत नाही. शिवणाऱ्यानं भिजवलं नाही की हे असं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सांगितलं की पुढच्या गणवेशांचं काम आता शहरातल्या एका रेडीमेडवाल्याला द्यायचं. तुमच्या मास्टरला तुम्हीच सांगा, म्हणाले, तुमचा माणूस आहे.

घरी जाताना बसमध्ये मला झोप लागली नाही. आपण काय करून बसलो ते तेव्हा कुठे नीट दिसायला लागलं. मास्टरचा गाळा गल्लीतल्या लेंग्यांवर चालणार नव्हता. तो आमच्या कारखान्यावर उभा होता, आणि हाताखालचे ते दोघंही. काम गेलं की तिघंही त्या बंद गेटसमोर.

नाक्यावर उतरून मी सरळ गाळ्यात गेलो. तिघंही मशिनांवर होते. मी स्टुलावर बसलो, आणि फार फिरवून फिरवून, यंत्रमाग, बाजार, साहेब असं करत करत सगळं सांगितलं. हाताखालच्या दोघांची मशिनं थांबली. मास्टरनं दोरा तोडला.

“भिजवलं नाही, असं म्हणाला तू?”

“म्हणजे, तसं असेल, असं म्हणालो.”

“भिया, सगळी थानं पाण्यातून काढली होती आम्ही. छतावर वाळत घातली होती. आठवतं? गल्ली निळी झाली होती.”

मी म्हटलं, आठवत नाही.

“एकेक थान पिळायला दोन माणसं लागत होती. दुसरं टोक कोण धरत होतं?”

दुसरं टोक मी धरत होतो. रविवार होता. पिळता पिळता माझा पाय घसरला होता आणि ओल्या थानासकट मी बसकण मारली होती, त्यावर हे तिघं आठवडाभर हसले होते. कापडाचा एवढा मोठा जाणकार मी, आणि स्वतःच्या हातानं पिळलेलं कापड भिजवलेलं नव्हतं म्हणून सांगून आलो होतो.

मास्टर चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं कोपऱ्यातल्या चिंध्यांमधून त्याच निळ्या कापडाचा एक तुकडा शोधून माझ्या हातात दिला. म्हणाला, तू तर नमुने तपासायचा ना. तपास.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे जाऊन एक प्रयोग करायची परवानगी मागितली. साहेबांना प्रयोग आवडत असावेत. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मी तुकड्यावर शाईनं चौकोन आखला, चहाच्या पातेल्यात तुकडा उकळला, मागच्या उन्हात वाळवला. जेवणं होईपर्यंत वाळला. मी पट्टी लावली. चौकोन होता तेवढाच होता. मी पट्टी उलटी करून लावली. तरी तेवढाच.

साहेब म्हणाले, “मग आमच्या पँट का आटल्या?”

मी तोंड उघडलं आणि मिलमधल्यासारखं आपोआप बोलायला लागलो, साहेब, कापड आधी लांबीत आटतं, उभा धागा ताणलेला... आणि मध्येच थांबलो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला ते वाक्य ऐकू आलं. मी खाली बघितलं. मला माझे बूट दिसले नाहीत. मी पोट बाजूला ठेवल्यासारखं करून वाकून बघितलं. माझ्या पँटची खालची दुमड बुटावर होती तशीच टेकलेली होती.

आता बोलणं भाग होतं. मास्टरचं काम वाचवायचं तर साहेबांना तोंडावर सांगायला हवं होतं, आणि साहेबांना तोंडावर ते कसं सांगतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, साहेब, कापड आटलं असतं तर आधी आपले घोटे दिसायला लागले असते. सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघा.

कॅन्टीनमध्ये बसलेले सगळे लोक टेबलाखाली वाकले. काहींना वाकता आलं नाही, त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. साहेब उभे होते. त्यांनी मान खाली घातली, मग आणखी खाली घातली, मग आजूबाजूला बघितलं आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, “माझी दिसते का हो? कुठवर आहे?”

“बुटापर्यंत आहे साहेब.”

“पूर्ण?”

“पूर्ण साहेब.”

पुढ्यात त्यांच्या ताटात गुलाबजाम होता. तो त्यांनी बोटानं कडेला सरकवला, थोड्या वेळानं परत मध्ये ओढला आणि खाल्ला. मग म्हणाले, “मास्टरला बोलवा. पण मापं नव्यानं घ्यायला सांगा. आणि हा विषय इथेच संपला.”

विषय कसला संपतोय. अकाउंटंट माझ्याशी दोन महिने बोलला नाही. त्याचा तो कोट मी आटलेला ठरवला होता, आता त्याला त्याच कोटाकडे नव्या नजरेनं बघावं लागलं. लोकांना वाईट वाटलं ते पोटाचं नव्हे. पोट तर त्यांच्याबरोबरच होतं. मी दिलेली समजूत मीच काढून घेतली, हे त्यांना लागलं. काही जण सकाळी नाक्यापासून एक थांबा पुढे चालत जाऊन बस पकडायचं ठरवू लागले. मीही ठरवलं. त्या पुढच्या थांब्यावरही पोह्यांचा ठेला निघाला.

मास्टर आला तो टेप गळ्यात टाकून. कॅन्टीनच्या एका भिंतीला उभं करून त्यानं एकेकाचं माप घेतलं. प्रत्येक जण त्याच्यासमोर आला की श्वास आत ओढून पोट गायब करायचा. मास्टर कमरेभोवती टेप धरून, खिडकीबाहेर बघत निवांत उभा राहायचा. श्वास कधीतरी सोडावाच लागतो. सोडला की तो माप घ्यायचा आणि पुढच्याला बोलवायचा. साहेबांचं मापही त्यानं असंच घेतलं. जाताना साहेबांनी त्याला चहा पाजला आणि पुढच्या वर्षीही तुम्हीच, असं सांगितलं. दूर उभ्या मला ते ऐकू आलं, आणि किती दिवसांनी मी नीट श्वास घेतला.

शेवटी माझा नंबर. मी पोट आत ओढलं नाही. त्याच्यासमोर आता कशाला? मी हात वर केले. मास्टर टेप घेऊन माझ्या एका बाजूनं गेला, पाठीमागून वळून दुसऱ्या बाजूनं पुढे आला. आकडा बघितला. पुन्हा बघितला. मी जरा लाजत म्हटलं, मास्टर, या वेळी मागे शिवणीत थोडं जास्त कापड राखून ठेव.

त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकला.

“कापड ठेवतो रे,” तो म्हणाला. “पण पुढच्या साली माप घ्यायला मी एकटा येत नाही, भिया. दुसरं टोक धरायला माणूस लागेल.”